आठ तारांचा अन्वय

घरांत नवी वस्तु आली म्हणजे तिच्याबरोबर तिचें शास्त्रही घरांत यावें, अशी जुन्या गृहस्थांची समजूत होती. जातें घेतलें तर त्यास टांकी केव्हां लावावी हें ठाऊक असावें. शिवण्याचें यंत्र घेतलें तर तेल कोठें घालावें हें ठाऊक असावें. हल्लीं मात्र एक वस्तु घरोघरीं अशी आली आहे कीं, जिचें शास्त्र उंबरठ्याबाहेरच राहिलें. ती म्हणजे इंटरनेटची तार. आपल्या देशांत सामान्य ग्राहकांस ही सोय विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं खुली केली. २०११ सालीं ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची, म्हणजे फायबरची, तार नेण्याची योजना मंजूर झाली. आणि २०२० च्या टाळेबंदीनें तर शाळा व कचेरी हीं दोन्ही उचलून आमच्या माजघरांत आणून बसविलीं. तेव्हांपासून “नेट चालत नाहीं” हें वाक्य “पाणी आलें नाहीं” ह्या वाक्याइतकेंच घरगुती झालें आहे.

ह्या तक्रारींचा शेवट बहुधा एकाच निर्णयानें होतो: “कंपनीच वाईट!” कंपनी वाईट असूं शकते, तिची बाजू घेण्याचें आम्हांस कांहीं कारण नाहीं. परंतु कंपनीची तार ओसरीवरील पेटीपाशीं संपते. तेथून माडीवर, परसाकडे किंवा पलीकडच्या बिऱ्हाडांत जी तार जाते ती आपली असते. आपण विकत आणलेली, गांवांतील कारागिरानें ओढलेली, आणि त्यानेंच टोकें बसविलेली. पुष्कळ घरांच्या न समजणाऱ्या दुखण्याचें मूळ ह्या टोकांशीं असतें. ही चूक मोठी लबाड असते. कारण ती काम साफ बंद पाडीत नाहीं, अर्धवट चालूं देते. आज तिचाच विचार करावयाचा आहे.

ही तार, जिला केबल म्हणतात, ती बाहेरून एक दिसते. आंत मात्र आठ बारीक तारा असतात व त्यांच्या चार जोड्या असतात. नारिंगी, हिरवी, निळी व तपकिरी अशी एकेक रंगीत तार, आणि प्रत्येकीबरोबर त्याच रंगाची रेघ असलेली एकेक पांढरी तार. प्रत्येक जोडीस पीळ घातलेला असतो. वर्धा जिल्ह्यांतील वाचकांस पिळाचें महत्त्व सांगावयास नको. येथें चरख्यावर कांतलेलें सूत पिढ्यान्‌पिढ्या लोकांनीं हाताळलें आहे. पीळ कमी पडला तर सूत तुटतें. तारेचा पीळ गेला तर तींतून जाणारा संदेश तुटतो.

असें कां व्हावें? जोडीतील एका तारेंतून जो संदेश जातो, त्याच्या नेमका उलट दुसरींतून पाठविलेला असतो. पलीकडचें यंत्र दोहोंतील फरक वाचतें. वाटेंत विजेच्या मोटारीचा किंवा शेजारच्या जोडीचा उपद्रव झाला, तर तो दोन्ही तारांवर सारखाच बसतो. आणि फरक काढतांना सारखें तें वजा होऊन जातें. मात्र उपद्रव सारखा बसावयाचा तर दोन्ही तारा उपद्रवापासून सारख्याच अंतरावर असावयास हव्यात. तें अंतर सारखें राखण्याचें काम पीळ करितो. ही युक्ति नवी नाहीं. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांनीं १८८१ सालींच तिचें पेटंट घेतलें होतें, आणि त्याच्या पुढच्याच वर्षीं मुंबईंत टेलिफोनची पहिली कचेरी उघडली. आजच्या केबलमध्यें चारी जोड्यांचा पीळ एकसारखाही नसतो, कमीजास्त असतो. हेतु हा कीं, एका जोडीनें दुसरीच्या कानांत बोलूं नये.

आतां क्रमाचा प्रश्न. केबलच्या टोकास जो लहान पारदर्शक प्लग असतो, त्यांत आठ घरें असतात. खिट्टी पलीकडच्या बाजूस, सोनेरी पट्ट्या आपल्याकडे आणि केबल खालीं, असा तो धरावा, व डावीकडून पहिलें घर मोजावें. कोणत्या घरांत कोणता रंग घालावयाचा ह्याच्या दोन पद्धति आहेत. एकीस ‘ए’ व दुसरीस ‘बी’ म्हणतात. ‘बी’ पद्धतीचा क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. ‘ए’ पद्धतींत नारिंगी व हिरवी ह्या जोड्या आपापसांत जागा बदलतात; बाकी सर्व तेंच. कोणतीही पद्धत चालते. मात्र दोन्ही टोकांस एकच असावी.

ह्या क्रमांत एक गोष्ट डोळ्यांस खटकते. हिरव्या जोडीची एक तार तिसऱ्या घरांत आणि दुसरी सहाव्या घरांत. मध्यें निळी जोडी येऊन बसलेली. संस्कृत शिकलेल्या वाचकांस ह्यांत ओळखीचें कांहीं दिसेल. श्लोकांत विशेषण पहिल्या चरणांत आणि त्याचें विशेष्य तिसऱ्या चरणांत असूं शकतें. दोन शब्द शेजारीं बसले म्हणून ते एकमेकांचे होत नाहींत; लिंग, वचन व विभक्ति पाहून अन्वय लावावा लागतो. प्लगमध्येंही पहिलें व दुसरें, चौथें व पांचवें, सातवें व आठवें हीं घरें जोडीनें काम करितात. पण तिसऱ्याची जोडी सहाव्याशीं आहे. ह्यास कारणही आहे. अगदीं मधल्या दोन घरांवर पूर्वीच्या टेलिफोनची जोडी येत असे. तिला धक्का न लावतां पुढची जोडी तिच्या दोहों बाजूंस बसविली, म्हणून हा क्रम वांकडा दिसतो.

ज्या कारागिरास हा अन्वय ठाऊक नसतो, तो आपल्या बुद्धीनें क्रम सरळ करितो. नारिंगी जोडी, मग हिरवी, मग निळी, मग तपकिरी; चारी जोड्या शेजारीं-शेजारीं, दिसावयास अत्यंत नीटनेटक्या! दोन्ही टोकांस त्यानें तसेंच केलें म्हणजे पहिल्या घरांतील तार पहिल्यांत पोहोंचते, आठव्यांतील आठव्यांत. तपासणीच्या यंत्राचे आठही दिवे ओळीनें लागतात. कारागीर पैसे घेऊन जातो, आणि त्याच्या मनांत कपटही नसतें. परंतु यंत्र तिसऱ्या व सहाव्या घरांस एक जोडी समजतें, आणि तेथें आतां एक तार हिरव्या पिळांतील व दुसरी निळ्या पिळांतील आलेली असते. जोडी फुटली, उपद्रव दोहोंवर सारखा बसेनासा झाला, वजाबाकी चुकली. केबल हातभर लांब असेल तर हा दोष दडून राहतो. ती पंचवीस-तीस मीटर असेल, किंवा तिजवरून वेगानें काम घ्यावयाचें असेल, तर तो बाहेर पडतो.

आमचें गांव आंजी (मोठी) हें वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. येथील एका एकत्र कुटुंबांत असाच प्रकार झाला. कंपनीची पेटी ओसरीवर. तेथून सुमारें तीस मीटर केबल परसाच्या भिंतीनें जाऊन मागच्या माडीवर चढलेली. माडीवर धाकट्या सूनबाई पुण्याच्या एका कचेरीचें काम घरीं बसून करीत. सकाळीं सर्व ठीक चाले. सायंकाळीं, त्यांची बैठक असे नेमक्या त्याच वेळेस, आवाज तुटे, चित्र थिजे आणि संबंध सुटे. थोरल्या जाऊबाईंच्या मनांत आलें कीं, स्वयंपाकाच्या वेळेसच बैठक आणि बैठकींतच बिघाड, हा योग जरा जास्तच जुळून येतो. सूनबाईंच्या मनांत आलें कीं, आपलें काम ह्या घरांत कोणी कामच समजत नाहीं. घरधन्यांनीं कंपनी बदलली, नवी आली, बिघाड जसाच्या तसा. शेवटीं पुण्याहून कळविण्यांत आलें कीं, एक महिन्यांत सोय नीट करावी, न पेक्षां पुण्यास येऊन राहावें. ह्याचा अर्थ सर्वांस समजला. चुली वेगळ्या होण्यास भांडणच लागतें असें नाहीं. कधीं कधीं एक वाईट जोडलेली तारही पुरते.

शेजारधर्मानें आम्हांस बोलावणें आलें. त्याच घरांतील एक नातू पॉलिटेक्निकमध्यें शिकतो. त्यास हाताशीं घेतलें. कंपनी बदलूनही दोष राहिला, ही बातमीच अर्धें उत्तर होतें. कारण बदललें आणि कार्य बदललें नाहीं, तर तें त्याचें कारण नव्हे. तरी खात्रीकरितां नातवानें सूनबाईंचा संगणक खालीं आणून बाजारच्या तयार, दोन हात लांबीच्या केबलनें थेट पेटीस जोडला, आणि सायंकाळची बैठक ओसरीवर बसवून झाली. एकदांही संबंध तुटला नाहीं. म्हणजे पेटी, कंपनी, संगणक आणि सूनबाई, चौघेही निर्दोष ठरले. उरली ती माडीची केबल. आतां सायंकाळींच कां? तर त्या वेळेस विहिरीवरील मोटार सुरू होई, आणि मोटारीची वायर व ही केबल परसांत एकाच खिळ्यांवरून गेलेल्या होत्या.

नातू म्हणाला, “आजोबा, दोन्ही एकदम दुरुस्त करूं, केबलही हलवूं आणि प्लगही बदलूं.” आम्हीं त्यास थांबविलें. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला हें कळत नाहीं. आधीं प्लग डोळ्यांसमोर धरून पाहिला. पारदर्शक भिंतींतून रंग स्पष्ट दिसत होते: चारी जोड्या सरळ ओळीनें, शाळेंतील मुलांसारख्या. दोन्ही टोकें कापून ‘बी’ क्रमानें पुन्हां बसविलीं. त्या सायंकाळीं मोटार मुद्दाम दीड तास चालविली. माडीवरील बैठक अखंड चालली. पूर्वीं संगणकावर जोडणीचा वेग १०० मेगाबिट दिसे, तो आतां १००० दिसूं लागला. दोन दिवस असेच जाऊं दिल्यावर मग केबल मोटारीच्या वायरपासून दूर हलविली. कारण नीरोग माणसानेंही रोग्याच्या अंथरुणांत निजूं नये. सूनबाई घरींच आहेत. थोरल्या जाऊबाईंनीं दुसऱ्या दिवशीं बैठकीच्या वेळेस माडीवर चहा नेऊन दिला. आमच्या मतें ती दुरुस्तीची शेवटची पायरी होती.

ह्या रीतीस न्यायशास्त्रांत अन्वय-व्यतिरेक म्हणतात: अमुक असतां तमुक होतें, आणि अमुक नसतां होत नाहीं, हें दोन्ही पाहून कारण ठरविणें. ती कोणत्याही घरांत लावतां येते. प्रथम वायफाय बाजूस ठेवावें. तारेचा आणि हवेंतील लहरींचा दोष एकत्र पाहूं नये. मग एक चांगली, तयार, आंखूड केबल घेऊन संगणक पेटीशीं जोडावा. तेथेंच दोष दिसला तर कंपनीस कळवावें. तेथें ठीक असेल तर तीच आंखूड केबल माडीवर नेऊन खोलींतील जुन्या आंखूड केबलच्या जागीं लावावी. दोष गेला तर जुनी आंखूड केबल वाईट. राहिला तर भिंतींतील केबल, तिचे प्लग किंवा भिंतीवरील सॉकेट ह्यांत तो आहे. एका वेळीं एकच वस्तु बदलावी, आणि काय बदललें व काय झालें हें वहींत लिहावें.

मग तपासणीचें यंत्र, म्हणजे टेस्टर, लावावा. तो कांहींशें रुपयांत मिळतो व त्याचे दोन भाग असतात. केबल दोन्हीकडून मोकळी करून एकेका टोकास एकेक भाग लावतात. एकीकडे दिवे एकापासून आठापर्यंत ओळीनें लागतात. दुसरीकडेही तसेच लागावेत. एखादा दिवा लागलाच नाहीं तर ती तार तुटली आहे किंवा प्लगच्या पट्टीपर्यंत पोहोंचलेली नाहीं. दोन दिवे एकदम लागले तर दोन तारा एकमेकींस चिकटल्या आहेत. दुसरीकडे तीन, सहा, एक, चार, पांच, दोन, सात, आठ असे लागले, तर एका टोकास ‘ए’ व दुसऱ्यास ‘बी’ झालें आहे. आजचीं बहुतेक यंत्रें हा उलटसुलटपणा स्वतःच सांवरून घेतात, म्हणून तो वर्षानुवर्षें लक्षांत येत नाहीं. तरी दुरुस्त करावा हें उत्तम. आणि आठही दिवे बरोबर लागले तरी समाधान मानूं नये. दिवा एवढेंच सांगतो कीं, तार ह्या घरापासून त्या घरापर्यंत अखंड आहे. ती कोणाबरोबर पिळलेली आहे हें तो सांगत नाहीं. तें रंग पाहून आपणच पाहावें. वैदिक लोक संहिता मुखोद्गत झाली एवढ्यावर थांबत नसत. पदांच्या जोड्या क्रमानें व उलट क्रमानें म्हणून जटा व घन पाठानें ती पडताळीत. ओळ बरोबर आली म्हणजे संबंध बरोबर आलाच, असें ते मानीत नसत.

आणखी एक खूण. कंपनीस आपण १०० हून पुष्कळ अधिक वेगाचे पैसे देत असूं, आणि मोजणी दरवेळीं ९४-९५ मेगाबिटांवर अडत असेल, तर जोडणी १०० वर उतरली आहे असें समजावें. १०० मेगाबिटांच्या जोडणीस दोनच जोड्या पुरतात. १९९९ सालीं तांब्याच्या केबलकरितां ठरलेल्या १००० मेगाबिटांच्या पद्धतीस चारी लागतात. म्हणून निळ्या किंवा तपकिरी जोडींतील एक तार सुटली तरी घर चालतें, पण दोन चाकांवर चालतें. यंत्र जुनें असून मुळांतच १०० चें असेल तर मात्र केबलीस दोष देऊं नये.

टोक नवें करतांना वरचें आवरण गरजेपुरतेंच सोलावें. पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उलगडूं नये. आणि बाहेरचें आवरण प्लगच्या आंत शिरून दाबलें गेलें आहे हें पाहावें, नाहींतर ओढ तारांवर येते. भिंतीवरील सॉकेटमध्यें तारा बसवितांना प्लगचा क्रम आठवूं नये. तेथें आंतली रचना निराळी असते, म्हणून सॉकेटवर छापलेल्या ‘ए’ किंवा ‘बी’ च्या रंगखुणा पाहाव्या. दोन यंत्रांमधील केबल एकूण १०० मीटरांपलीकडे नेऊं नये. केबल घेतांना ती शुद्ध तांब्याची आहे ना, हें विचारावें. अल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल बाजारांत मिळते. तिची तार ठिसूळ असते व विरोध अधिक असतो. नखानें किंवा सुरीनें खरवडून आंत पांढरी धातु दिसली तर ती परत करावी.

आमच्या वऱ्हाड-नागपूरकडील हवेचाही विचार हवा. उन्हाळ्यांत येथें पारा ४५ अंशांच्या वर जातो. तापलेल्या तांब्याचा विरोध वाढतो, आणि गच्चीवर उघडी पडलेली साधी केबल उन्हानें कडक होऊन तडकते; मग पहिल्याच पावसांत पाणी आंत शिरतें. म्हणून उघड्यावर बाहेरची म्हणून केलेली केबलच वापरावी आणि ती नळींतून न्यावी. उंदरांचाही बंदोबस्त होतो. विजेच्या वायरीबरोबर एका नळींत ती कधींही घालूं नये. ओलांडावयाचीच झाली तर काटकोनांत ओलांडावी. दोन वेगळ्या इमारतींत उघड्यावरून तांब्याची केबल ओढण्यापेक्षां काचतंतु बरा. वळवाच्या विजा तांब्यावरून घरांत शिरतात, कांचेवरून शिरत नाहींत. आणि भिंतींत जुन्या टेलिफोनची जोडी असेल तर ती ह्या सॉकेटांत येणार नाहीं हें पाहावें. टेलिफोनच्या घंटीचा दाब पाऊणशें व्होल्टांच्या आसपास असतो, व तो ह्या नाजूक यंत्रांस सोसत नाहीं.

शेवटीं एक लहानशी सूचना. ओसरीवरील पेटीजवळ एक जाड कागद टांगावा. कोणती केबल कोणत्या खोलींत जाते, ‘ए’ क्रम आहे कीं ‘बी’, आणि टोकें कोणत्या तारखेस बसविलीं, हें त्यावर लिहावें. दहा वर्षांनीं जो मुलगा ती पेटी उघडील, त्यास तो कागद फार मोलाचा वाटेल. आणि तो कागद हाताशीं असला म्हणजे पुढच्या खेपेस बिघाड झाल्यावर घरांतील माणसांकडे संशयानें पाहण्यापूर्वीं त्या कागदाकडे पाहण्याची संवयही लागेल.

पुढील महिन्यांत घरांतील विजेच्या अर्थिंगविषयीं लिहूं.